इंजिन बंद, दिवा चालू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दूध उत्पादक संस्थेचे चेअरमन आदरणीय रंभाजीराव, सचिव आदिनाथराव, व्यासपीठावरचे सर्व संचालक, ज्यांच्या नावाने हा कार्यक्रम ठेवला आहे ते आपले गाडीचालक गोरक्षनाथभाऊ, त्यांच्या पत्नी बनुबाई, वाड्यावस्त्यांवरून आलेले दूध उत्पादक बंधू आणि दाराशी उभ्या राहिलेल्या माझ्या भगिनींनो. भगिनींनो, आत या. पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. पाहुणे आलेले नाहीत. बसा.

संस्थेची पशुवैद्यक म्हणून मी चालकाविषयी दोन शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलं. सचिवांनी मघाशी कानाशी येऊन आठवणही केली, "मॅडम, गोड बोला. निरोपाचा कार्यक्रम हाय." मी गोड भाषण लिहायला बसले होते. सुरुवात चांगली झाली. मग माझ्या मागे जो फ्लेक्स लावला आहे, त्यावरच्या शब्दाशी येऊन अडले. 'सेवापूर्ती सोहळा.' सेवापूर्ती म्हणजे काय हो? माणसाचं वय होतं, त्याचं काम पुरं होतं, तो समाधानाने घरी जातो, तेव्हा आपण हा शब्द वापरतो. गोरखभाऊंना अजून पन्नाशी गाठायची आहे. त्यांच्या धाकट्या मुलीची दहावी व्हायची आहे. त्यांनी राजीनामा दिलेला नाही. मग सेवा पूर्ण कोणी केली?

मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "मला सांगितलं, सोमवारपासून कामावर येऊ नका. आन् रविवारी सकाळी नवे कपडे घालून या."

हसू नका. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. माणसाला कामावरून काढायचं आणि त्याच तोंडाने त्याला हार घालायचा, ही कोणती रीत? नोटीस दिली तर माणूस उत्तर देतो. हार घातला की त्याला हात जोडून उभं राहावं लागतं. हे ज्यांना सुचलं त्यांच्या हुशारीला माझा नमस्कार आहे, पण टाळ्या मिळणार नाहीत.

 मला एवढ्या लोकांसमोर बोलायची सवय नाही. चुकीचं काही बोलले जाईल याची मला फार भीती वाटते. म्हणून आधीच सांगते, जे मी डोळ्यांनी पाहिलं किंवा ज्याने केलं त्याच्याच तोंडून ऐकलं, तेवढंच सांगणार आहे. कोणाला खोटं वाटलं तर त्यांनी तिथूनच मला अडवावं.

आपल्या संस्थेने जनावरांच्या उपचारासाठी गाडी घेतली. चेअरमनसाहेबांनी त्यासाठी खटपट केली, हे खरं आहे आणि त्याबद्दल मी आभार मानते. इकडे जामखेडच्या अंगाला वस्त्या लांब, रस्ते खडीचे, डॉक्टरला निरोप मिळेपर्यंत जनावर आडवं पडलेलं असतं. गाडी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता. औषधं, सलाईन, पोटफुगीची नळी, सगळं नीट लावून ठेवता येईल असे कप्पे होते आतमध्ये.

गाडी आली आणि शेडमध्ये उभी राहिली. का? तर लोकार्पण व्हायचं होतं. पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. पुढच्या दोन आरशांना फीत बांधून ठेवली होती. मी सचिवांना म्हणाले, तोवर वापरूया, फीत नंतर पुन्हा बांधता येईल. ते म्हणाले, "मॅडम, वापरलेल्या गाडीचं उद्घाटन करायला कोन येईल?"

ठीक. उभी राहिली. पण शांत उभी राहिली का? नाही. शेडमध्ये कोणी आलं की फोटो. दूध घालायला आलेले, त्यांचे जावई, जावयांची मित्रमंडळी. फोटोत शोभा यावी म्हणून टपावरचा पिवळा दिवा फिरता ठेवायचा. व्हिडिओ असेल तर भोंगाही. आणि इंजिन? इंजिन सुरू करायचं नाही! कारण इंजिन सुरू केलं म्हणजे गाडी 'सुरू झाली', आणि लोकार्पणाआधी गाडी सुरू झालेली चालत नाही. दिवा लावला तर मात्र गाडी सुरू झाली असं होत नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात आहे मला माहीत नाही. आपल्या शेडमध्ये तो होता आणि सगळे पाळत होते.

बंधूंनो, तुमच्या घरी ट्रॅक्टर आहेत, जीप आहेत. बॅटरी म्हणजे विहीर नाही, आपोआप पाणी यायला. ती टाकी आहे. टाकी भरतं कोण? इंजिन. इंजिन फिरलं की बॅटरी भरते. इंजिन बंद ठेवून दिवा, भोंगा, टेप चालवला की टाकीचा नळ उघडा सोडल्यासारखं आहे. बरं, काहीच लावलं नाही तरी आजकालच्या गाड्यांत घड्याळ, लॉक असलं काही ना काही थोडं थोडं पीत असतं. म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा ती रस्त्यावर काढून चांगली अर्धा तास फिरवायची. जागेवर दोन मिनिटं घुरघुर करून बंद केली तर सेल्फ मारताना जेवढं गेलं तेवढंही भरून येत नाही. आणि फिरवणं जमणारच नसेल तर बॅटरीची मायनसची तार सोडून ठेवायची. पान्याने एक नट सैल करायचा, एवढंच काम.

हे गोरखभाऊंना माहीत नव्हतं का? होतं. त्यांनी सचिवांना विचारलं. मी तिथे होते. शब्द सांगते. भाऊ म्हणाले, "आदिनाथराव, एक चक्कर मारून आणू का? बॅटरी उतरंल." सचिव म्हणाले, "फीत तोडून चक्कर मारतो का?" भाऊ म्हणाले, "मंग तार तरी सोडून ठिवतो." सचिव म्हणाले, "आन् मंग दिवा कसा लागंल?"

आदिनाथराव, असंच झालं ना? तुम्ही मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाला नाहीत. मी पुढे जाते.

एक गोष्ट भाऊंच्या विरुद्धचीही सांगायला हवी, नाहीतर मी अर्धं खरं सांगितलं असं होईल. एकदा गाडी पुसून झाल्यावर त्यांच्याकडून आतला छोटा दिवा रात्रभर चालू राहिला होता. ते त्यांनी स्वतः येऊन मला सांगितलं. चूक ती चूक. पण टपावरच्या दिव्यापुढे तो छोटा दिवा म्हणजे काय, हे तुम्हीच ठरवा. आणि संचालक मंडळाने नंतर भाऊंविरुद्ध जो अहवाल केला, त्यात लिहायला त्यांना सापडला तो फक्त तो छोटा दिवा.

मग लोकार्पणाचा दिवस. पाहुणे सकाळचे यायचे ते दुपार कलल्यावर आले. तोवर दिवा चालू. भाषणं झाली, दिवा चालू. मी दोनदा जाऊन तो बंद केला, आणि दोन्ही वेळा कोणीतरी पुन्हा लावला. पाहुण्यांनी फीत कापली, आत बसले, किल्ली फिरवली. कट. कट कट.  मग आपले ट्रॅक्टरवाले छगनतात्या ओरडले, "अरे लावा खांदा!" हार घातलेल्या गाडीला लोकांनी ढकलत नेलं, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि ती सुरू झाली. टाळ्या वाजल्या. गावातून एक फेरी झाली आणि गाडी परत शेडमध्ये. सगळे जेवायला गेले.

भाऊंना गाडी जामखेडला न्यायची होती, बॅटरी चार्जिंगला लावायला. पूर्ण उतरलेली बॅटरी धक्क्याने एकदा उठली म्हणजे बरी झाली असं नसतं. तिला चार्जरवर लावून हळूहळू भरावं लागतं. तशीच रिकामी ठेवली तर ती आतून कायमची खराब होते, मग कितीही भरा, टिकत नाही. पण भाऊंना सांगण्यात आलं, "आज नको. पाहुन्यांची मानसं अजून हायेत. नवी गाडी गॅरेजला चालली म्हनतील." पुन्हा शोभा!

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध संकलन चालू असताना छबूकाकूंचा फोन आला. छबूकाकू त्या काय, दुसऱ्या रांगेत हिरव्या पातळात. त्यांच्या गाईने ओला लसूणघास जास्त खाल्ला होता. डावी कूस ढोलासारखी फुगली होती, गाय तोंड उघडून श्वास घेत होती. अशा वेळी हातात थोडा वेळ असतो. कूस दाबून आतली हवा काढायची, नळी घालायची, जनावर उठून उभं राहतं. मी स्वतः कितीतरी गाई उठवल्या आहेत.

मी गाडीकडे धावले. भाऊ आधीच बसले होते. किल्ली फिरवली. या वेळी कट असाही आवाज आला नाही.

आता पुढचं नीट ऐका, कारण अहवालात हे नाही. मी म्हणाले, मला मोटारसायकल द्या, मी पिशवी घेऊन निघते. इथे बसलेल्या एका संचालकांनी मला काय उत्तर दिलं? "काल येवढा मोठा कारेक्रम केला आन् आज डाक्टरीनबाई फटफटीवर जानार व्हय? लोक काय म्हनतील? थांबा, दोन मिंटात चालू करतो." नाव घेत नाही. त्यांना माहीत आहे.

छगनतात्यांनी ट्रॅक्टर शेजारी लावला. वायरी आणल्या. तात्या, तुम्ही मदतीलाच आला होता, मला माहीत आहे. पण भाऊ सांगत होते, "तात्या, थांबा, मी लावतो," आणि तुम्ही काय म्हणालात? "तू गप रे. काल तुझ्यामुळं पाहुन्यासमोर नाक कापलं." आणि लाल वायर काळ्यावर लावली. मोठी ठिणगी उडाली. जळका वास आला. जामखेडचा मेकॅनिक नंतर म्हणाला, मुख्य फ्यूज उडाला, आणखी काही जळलं नाही हे नशीब. त्यानंतर ती गाडी शंभर माणसांनी ढकलली असती तरी सुरू झाली नसती.

इथे जमलाच आहात तर हेही ऐकून जा, कारण उद्या कोणाच्या तरी घरी हीच वेळ येणार आहे. आधी बॅटरी पाहायची. फुगली असेल, फुटली असेल, गळत असेल तर तिला वायर लावायचीच नाही. दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत आणि दोन्ही बंद करायच्या. लाल वायरीचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीजवळ ठिणगी उडाली तर तिच्यातला वायू पेट घेतो, म्हणून लांब. मग चांगली गाडी सुरू करायची, थोडं थांबायचं, मग बंद गाडीला सेल्फ मारायचा. सुरू झाली की वायरी उलट्या क्रमाने काढायच्या, आणि गाडी लगेच बंद न करता चांगली लांब फिरवून आणायची. बॅटरीच्या खांबांवर, म्हणजे तारा बसतात त्या टोकांवर, पांढरा-हिरवा थर दिसला तर इंजिन बंद करून, तारा सोडून, खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचा. एवढं सगळं सांगायला मला दोन मिनिटं लागली. तेवढीच दोन मिनिटं त्या दिवशी कोणाला ऐकायची नव्हती.

शेवटी मी कोणाचं न ऐकता एका दूधवाल्याच्या मागे बसून गेले. पोचले तेव्हा काकू गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गाय गेली होती. मी लगेच निघाले असते तर ती नक्की वाचली असती का? डॉक्टर म्हणून 'नक्की' हा शब्द मला वापरता येत नाही. वाचण्याची चांगली शक्यता होती, एवढं म्हणू शकते. काकूंनी मला काही बोलून दाखवलं नाही. फक्त म्हणाल्या, "गाडीला काल हळद-कुकू लावलं, तवा मी बी आल्ते."

यानंतर आठवडाभरात तो अहवाल माझ्यापुढे आला. 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे बॅटरी निकामी झाली व त्यामुळे गाय दगावली.' खाली माझी सही हवी होती. माझ्या सहीशिवाय विम्याचं काम अडेल, काकूंचं नुकसान होईल, असं मला सांगण्यात आलं. मी घाबरले. मी विम्याच्या कचेरीत स्वतः जाऊन विचारून आले. त्यांना फक्त गाय कशाने मेली याचा दाखला लागतो. तो मी त्याच दिवशी दिलेला आहे. चालकाचा त्यात संबंधच नाही.

सही का करत नाही, असं मला विचारलं गेलं. सांगते. मी पुणतांब्याकडची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलं नाही. माझे आजोबा, वडील, दाखवतील तिथे अंगठा उठवायचे. वाचून दाखवणारा जे वाचेल तेच त्यांच्यासाठी लिहिलेलं असायचं. मला घरच्यांनी कशासाठी शिकवलं? दिसायला सुंदर सही यावी म्हणून? मी सही केलेली नाही आणि करणार नाही. मला काढायचं असेल तर मलाही काढा. फक्त मला हार घालू नका, नोटीस द्या.

थांबा. एक मिनिट. भिंतीवर हे पिवळं काय फिरतंय?

दारातल्या मंडळींनो, जरा बाजूला व्हा. बघा. सगळ्यांनी मागे वळून बघा. गाडी दारात आणून उभी केली आहे, तिला माळ घातली आहे आणि दिवा चालू आहे. नवी बॅटरी बसवून महिनाही झाला नाही! इंजिन चालू आहे का हो? बंद. कोणी लावला दिवा? आदिनाथराव?

"कारेक्रमाची शोभा हाय, मॅडम."

कोणाच्या कार्यक्रमाची? ज्या माणसाला बॅटरी उतरवली म्हणून काढता, त्याच्या निरोपाला तुम्ही नवी बॅटरीही उतरवताय! आणि आता छबूकाकूंच्या शेजारणीचा फोन आला तर? जा कोणीतरी, बंद करा तो.

नाही, टाळ्या नकोत. टाळ्या तेव्हाही वाजल्या होत्या. मला दुसरं काहीतरी हवं आहे. लोकार्पणाच्या आधी किंवा नंतर, इंजिन बंद असताना ज्यांनी ज्यांनी हा दिवा लावून फोटो काढला, त्यांनी हात वर करावा. लाजू नका, फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत.

काय म्हणालात छगनतात्या? "मी येकट्यानं न्हाई लावला"? मग हात वर करा आणि सोबत कोण होतं तेही सांगा. बरोबर. त्यांचाही हात आला. मागे? हो, तुम्ही. संचालकांपैकी? आला, आला. आदिनाथराव, थोडा वर, दिसत नाही. चेअरमनसाहेब, आपण अध्यक्ष आहात, मी आपल्याला सांगू शकत नाही. पण आपल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपण ज्या गाडीशेजारी उभे आहात, तिचा दिवा पेटलेला आहे. धन्यवाद, साहेब.

आता बघा. एवढे हात वर आहेत आणि काढलाय कोणाला? ज्याचा हात खाली आहे, त्याला.

काकू, तुम्हाला काही बोलायचंय? बोला, मोठ्याने बोला. "गोरखला काढून माझी गाय माघारी यायची हाय का? त्याला काढला आन् उद्या फोन केला, तर येनार कोन?" ऐकलंत? जिचं नुकसान झालं ती हे विचारते आहे. चेअरमनसाहेब, हा प्रश्न आपल्याला आहे. सोमवारी सकाळी गाडी कोण चालवणार, तेवढं एक सांगा. मी उत्तर ऐकल्याशिवाय खाली बसत नाही.

साहेब, शेजारी सांगू नका, इकडे सांगा. काय? "बरं, येऊ द्या त्याला"? मागच्यांना ऐकू गेलं नाही. हा माइक घ्या.

"गोरक्षनाथ सोमवारपास्नं कामावर येतील. अहवाल माघारी घेतला."

आभारी आहे. मनापासून आभारी आहे, आणि हे सगळ्यांनी ऐकलं याबद्दल सगळ्यांचीही. माझ्या बोलण्यात वडीलधाऱ्यांचा मान राखला गेला नसेल, कुठे शब्द जड पडला असेल, तर तो माझ्या वयाचा दोष समजून सोडून द्यावा. जे घडलं ते सांगितलं, त्यातलं मात्र काही मागे घेत नाही. आयोजकांनी मंडप घातला, स्वयंपाक केला, त्यांचेही आभार. जेवण वाया जाऊ देऊ नका.

गोरखभाऊ, तुम्ही हात जोडून उभे राहू नका. सचिवांकडून किल्ली घ्या. दिवा किती वेळ चालू होता देव जाणे, त्यामुळे आधी गाडी खर्ड्याच्या रस्त्याला चांगली फिरवून आणा. बनुबाई, तुम्हीही बसा त्यांच्या शेजारी. आम्ही जेवायला थांबतो.